फोन बाहेर ठेवा, पण चिपमधला इलेक्ट्रॉन इथेच सापडतो: एनएमआर म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या कमरेचा एमआरआय होता. कल्याणला सेंटर होतं, सोबत मी आणि बारावीतला मावसभाऊ. आत जाताना मावशीला बांगड्या, कानातलं, मोबाईल, एटीएम कार्ड सगळं काढून ठेवायला सांगितलं. ती थोडी कुरकुरली, मग गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि आतून ठक-ठक-ठक-घर्रर्र असा आवाज सुरू झाला.

भाऊ फोनवर शोधत बसला होता. म्हणाला, "ताई, याचं मूळ नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स आहे. न्यूक्लिअर! आईला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, अरे काही नाही होत, ते न्यूक्लिअर म्हणजे अणुभट्टीतलं नाही. मग त्याने दुसरा प्रश्न टाकला. "या तंत्राने फोनच्या चिपमधले इलेक्ट्रॉन दिसतील का?"

मी एकदम ठामपणे म्हणाले, "छे! हे शरीरातल्या पाण्यासाठी असतं."

चुकले होते. मी एक्सटीसीची इंजिनिअर आहे, चार वर्षं बँड डायग्राम काढले, त्यात इलेक्ट्रॉनचे काळे ठिपके भरले आणि हा ठिपका तिथे आहे हे कोणी आणि कसं मोजलं, हे एकदाही विचारलं नाही. आता पोट कोडिंगवर चालतं, त्यामुळे विचारायची गरजही पडली नव्हती. त्या दिवशी डोंबिवलीला परत येताना लोकलमध्ये वाचायला सुरुवात केली आणि पुढचे दोन-तीन महिने वाचतच राहिले. हा लेख म्हणजे भावाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी भोवरा समजून घेऊ

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. बऱ्याच केंद्रकांना 'स्पिन' असतो, म्हणजे ती छोट्या लोहचुंबकासारखी वागतात. अशा केंद्रकाला मोठ्या चुंबकात ठेवलं की ते कलंडलेल्या भोवऱ्यासारखं त्या क्षेत्राभोवती डुलत फिरतं. भोवरा तुम्ही हाताने फिरवला असेल तर आठवा: तो स्वतःभोवती गरगरतो आणि शिवाय त्याचं डोकं हळूहळू गोल डुलतं. आपल्याला हवं आहे ते हे डुलणं.

डुलण्याचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो. केंद्रक कोणत्या मूलद्रव्याचं आहे, आणि त्याला नेमकं किती चुंबकक्षेत्र जाणवतंय. हायड्रोजनसाठी आकडा आहे दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. १.५ टेस्लाच्या एमआरआय मशीनमध्ये तो सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होतो, ३ टेस्लात सुमारे १२८. त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की केंद्रकं ती शोषतात आणि लहर थांबवली की थोडा वेळ स्वतःच त्या वारंवारतेवर 'बोलत' राहतात. कॉइल ते बोलणं ऐकते. झालं, हेच एनएमआर. यात एक्स-रेसारखी आयनीकरण करणारी किरणं कुठेच नाहीत. रुग्णालयात 'न्यूक्लिअर' शब्दाने लोक दचकतात, म्हणून तो नावातून गळला आणि एमआरआय राहिलं.

टेस्ला म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर फोन काढा. कंपाससाठी फोनमध्ये चुंबकक्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप आहे, त्यात मॅग्नेटोमीटर उघडा. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं वर दाखवेल. घरातल्या सळ्या, फ्रीज, लोखंडी कपाट यांमुळे थोडं इकडेतिकडे होईल. मी डोंबिवलीच्या फलाटावर करून बघितलं, गाडी शिरताना आकडा उड्या मारतो. (गंमत म्हणजे हा त्रास जुना आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, कारण मुंबईत विजेवरच्या ट्रॅम येणार होत्या.) एमआरआयचं १.५ टेस्ला म्हणजे या पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण ३५ हजार पट.

सगळी केंद्रकं बोलत नाहीत

आता चिपकडे येऊ. चिप सिलिकॉनची. पण निसर्गात मिळणाऱ्या सिलिकॉनमधले ९२ टक्क्यांहून जास्त अणू सिलिकॉन-२८ असतात आणि सिलिकॉन-२८ ला स्पिनच नाही. म्हणजे एनएमआरसाठी तो मुका. बोलतो फक्त सिलिकॉन-२९, तो १०० अणूंत पाचसुद्धा नसतो, जवळपास ४.७.

याउलट फॉस्फरस बघा. सिलिकॉनमध्ये जास्तीचे इलेक्ट्रॉन आणण्यासाठी चिमूटभर फॉस्फरस मिसळतात, ज्याला आपण डोपिंग म्हणतो. निसर्गातला सगळाच्या सगळा फॉस्फरस ३१ वजनाचा आणि बोलका. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तर कोणीच गप्प नाही: गॅलियमचे दोन्ही समस्थानिक आणि आर्सेनिकचा एकमेव, तिघेही बोलतात. संशोधकांना हा पदार्थ का आवडतो, त्याचं एक कारण हे आहे.

प्रत्येकाचं स्टेशन वेगळं. प्रयोगशाळेत '५०० मेगाहर्ट्झचं यंत्र' म्हणतात तेव्हा त्याचं चुंबक ११.७४ टेस्लाचं असतं आणि त्यात हायड्रोजन ५०० वर बोलतो. त्याच चुंबकात फॉस्फरस सुमारे २०२ मेगाहर्ट्झवर, आर्सेनिक ८५ च्या आसपास आणि सिलिकॉन-२९ सुमारे ९९.३ मेगाहर्ट्झवर. ९९.३! म्हणजे आपल्या एफएम बँडच्या अगदी मधोमध. हे वाचून मी खरंच हसले. इतकी वर्षं गाणी ऐकली त्याच पट्ट्यात सिलिकॉनही बोलतं, फक्त आवाज फार म्हणजे फारच बारीक.

पण विषय इलेक्ट्रॉनचा होता ना?

हो. इथेच खरी मजा आहे. एनएमआर इलेक्ट्रॉनला थेट ऐकत नाही. ते केंद्रकाला ऐकतं आणि केंद्रक शेजाऱ्याची बातमी देतं.

वर म्हटलं ना, केंद्रकाला 'नेमकं किती क्षेत्र जाणवतंय' त्यावर वारंवारता ठरते. बाहेरचं चुंबक सगळ्यांना सारखं. पण जवळ इलेक्ट्रॉन असेल तर तोही चुंबकच आहे, आणि हायड्रोजनच्या केंद्रकापेक्षा सुमारे ६५८ पट ताकदीचा. तो जवळ असला की केंद्रकाला जाणवणारं क्षेत्र किंचित बदलतं आणि स्टेशन थोडं सरकतं. किती सरकलं हे मोजा, म्हणजे इलेक्ट्रॉनबद्दल कळतं.

ही गोष्ट पहिल्यांदा पक्की पकडणाऱ्यांमध्ये आपला एक माणूस होता, हे मला माहीत नव्हतं. एनएमआरचा शोध १९४६ चा, स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी वेगवेगळा लावलेला. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डमध्ये एस. एस. धर्मट्टी हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. १९५१ मध्ये आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड या तिघांचा निबंध आला. त्यांनी साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, चुंबकात ठेवलं होतं. सगळे हायड्रोजनच, त्यामुळे एकच रेघ दिसायला हवी. दिसल्या तीन, आणि त्यांचं प्रमाण १:२:३. रेणूत हायड्रोजन तीन वेगवेगळ्या जागी बसतात: एक ऑक्सिजनला चिकटून, दोन मधल्या कार्बनवर, तीन टोकाच्या कार्बनवर. प्रत्येक जागी आजूबाजूचा इलेक्ट्रॉनांचा ढग वेगळा, म्हणून वारंवारता वेगळी. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज हे चित्र दाखवतात.

पुढे धर्मट्टी मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एनएमआरचा गट उभा केला. म्हणजे आपण ज्या लोकलने सीएसएमटीला जातो आणि तिथून बसने कुलाब्याच्या नेव्ही नगरला उतरतो, तिथे ही विद्या १९५० च्या दशकापासून आहे. त्यानंतर आर. विजयराघवन यांच्या गटाने तिथे धातू आणि मिश्रधातूंमधले इलेक्ट्रॉन याच मार्गाने तपासले. १९८० च्या दशकात ५०० मेगाहर्ट्झचं यंत्र आलं आणि एनएमआरची राष्ट्रीय सुविधा तिथे झाली.

नाइट शिफ्ट: कॉल सेंटरची नाही

इथेनॉलमध्ये रेघ सरकते ती दहा लाखात चार-पाच भाग एवढीच. १९४९ मध्ये वॉल्टर नाइट यांना धातूच्या तांब्यात काहीतरी वेगळं दिसलं. तांब्याच्या संयुगात जिथे रेघ यायची, त्यापेक्षा शुद्ध धातूत ती ०.२३ टक्के वर सरकलेली. ०.२३ टक्के ऐकायला किरकोळ, पण दहा लाखात २३०० भाग झाले. इथेनॉलच्या कितीतरी शेकडो पट.

कारण असं. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि फिरता फिरता थेट केंद्रकाच्या जागेवर येतात. बाहेरच्या चुंबकामुळे त्यांच्यातले काही जास्त एका दिशेला झुकलेले असतात. त्या झुकलेल्यांचं क्षेत्र केंद्रकाला जाणवतं. हीच नाइट शिफ्ट. ती दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: इलेक्ट्रॉन केंद्रकापाशी किती प्रमाणात असतो, आणि एकूण इलेक्ट्रॉनांपैकी किती जण एका बाजूला झुकलेत. दोन्हीपैकी एक माहीत असेल तर दुसरी काढता येते. पुढचा निम्मा लेख या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते परत वाचा.

एका इलेक्ट्रॉनचा जोर किती असतो? सिलिकॉनमध्ये एकटा फॉस्फरस अणू बसवला आणि थंड केलं की त्याचा जास्तीचा इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती दोनेक नॅनोमीटरच्या ढगात पसरून राहतो. तो ढग पसरट, त्यात हजारो सिलिकॉन अणू येतात. तरीही मधोमध असलेल्या फॉस्फरसच्या केंद्रकाला त्या एका इलेक्ट्रॉनचा जो धक्का बसतो, तो ११७.५ मेगाहर्ट्झच्या जोडणीचा आहे. मी हिशोब केला, म्हणजे जवळपास ३.४ टेस्लाचं जादा क्षेत्र झालं. कल्याणच्या सेंटरमधल्या खोलीभर मशीनपेक्षा मोठं, आणि ते एका इलेक्ट्रॉनकडून!

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये जॉर्ज फेहर यांनी हाच धागा धरला. त्यांनी इलेक्ट्रॉनचा रेझोनन्स आणि केंद्रकाचा रेझोनन्स एकत्र वापरून, ढगात वेगवेगळ्या अंतरावर बसलेल्या सिलिकॉन-२९ केंद्रकांना किती धक्का बसतो ते मोजलं. जिथे धक्का जास्त तिथे ढग दाट. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या काळ्या ठिपक्याचा खरा आकार, टप्प्याटप्प्याने मोजलेला. 'इलेक्ट्रॉन कोणी बघितलाय का' या प्रश्नाला मला तरी याहून प्रामाणिक उत्तर सापडलं नाही.

दुसरं घड्याळ: विसरायला किती वेळ लागतो

सरकणं हा एक पुरावा. दुसरा पुरावा वेळेचा.

रेडिओलहरीने केंद्रकांना ढवळलं की ती परत पहिल्या स्थितीत यायला वेळ घेतात. त्यासाठी त्यांना आपली ऊर्जा कोणाला तरी द्यावी लागते आणि अर्धवाहकात ती घेणारा गिऱ्हाईक म्हणजे मोकळा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन भरपूर असतील तर व्यवहार पटकन. नसतील तर केंद्रक बसलं वाट बघत. अगदी शुद्ध सिलिकॉनमध्ये ही वाट तासांची असते. हो, सेकंद नाही, तास! १९५६ मध्ये शुलमन आणि वायलुडा यांनी वेगवेगळं डोपिंग केलेले सिलिकॉनचे नमुने घेऊन दाखवलं की मोकळे वाहक वाढतात तसा हा वेळ कमी कमी होत जातो.

याचा अर्थ लक्षात येतोय का? नमुन्याला वायर न जोडता, त्यात वीज न सोडता, नुसतं लांबून ऐकून आत किती वाहक आहेत याचा अंदाज मिळतो. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही हॉल इफेक्टचा प्रयोग करायचो. त्यात चार टोकांना प्रोब टेकवायचे आणि त्यातलं एक नेहमी सुटायचं, मग अख्खं रीडिंग वाया. एनएमआरला प्रोब टेकवायचेच नाहीत. नमुना पूड असली तरी चालते, तुकडे असले तरी चालतात. शिवाय हॉल इफेक्ट अख्ख्या तुकड्याची सरासरी सांगतो, तर एनएमआर प्रत्येक प्रकारच्या अणूची वेगळी साक्ष देतं. गॅलियम काय म्हणतो ते वेगळं, आर्सेनिक काय म्हणतो ते वेगळं.

या दोन साधनांनी सुटलेलं एक सुंदर कोडं आहे. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस वाढवत गेलो तर तो अर्धवाहकाचा धातू कधी होतो? उत्तर: एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ३७ वर १७ शून्यं इतके फॉस्फरस झाले की. आकडा प्रचंड वाटतो, पण त्याच जागेत सिलिकॉनचे अणू ५ वर २२ शून्यं आहेत. म्हणजे दर साडेतेरा हजार सिलिकॉनमागे एक फॉस्फरस पुरतो! त्या खाली प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या फॉस्फरसला धरून बसतो आणि थंडीत वीज वाहत नाही. त्या वर ढग एकमेकांत मिसळतात, इलेक्ट्रॉन कोणा एकाचा राहत नाही, आणि सिलिकॉन-२९ च्या रेघेला धातूसारखी नाइट शिफ्ट येते. १९६० च्या दशकात सन्डफर्स आणि होलकॉम्ब यांनी हा बदल एनएमआरने टिपला. वायर जोडून मोजलं तर फक्त 'वीज वाहते की नाही' कळतं. इलेक्ट्रॉनांनी घरं कशी सोडली, ते केंद्रकं सांगतात.

मग अडचण कुठे आहे?

आवाजात. एनएमआर भयंकर कमी ऐकू येतं.

खोलीच्या तापमानाला, ११.७४ टेस्लाच्या चुंबकातही, सिलिकॉन-२९ ची अर्धी केंद्रकं एका दिशेला आणि अर्धी उलट, असं जवळजवळ समसमान असतं. दर १० लाखांमागे एका बाजूला फक्त ८ जास्त. आपल्याला ऐकू येतात ती हीच ८. बाकीची एकमेकांना गप्प करतात. हायड्रोजनचा चुंबक ताकदवान आणि शरीरात पाणी भरपूर, म्हणून एमआरआय जमतो. अर्धवाहकात तसं नाही.

त्यात आधुनिक अर्धवाहकात इलेक्ट्रॉन पातळ थरात कोंडलेले असतात. समजा गॅलियम आर्सेनाइडचा ३० नॅनोमीटर जाडीचा थर दोन्ही बाजूंनी वेगळ्या पदार्थाच्या भिंतींत अडकवला. याला क्वांटम वेल म्हणतात, अक्षरशः विहीर. एक चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यात त्या थरातले आर्सेनिक अणू होतात साधारण ६ वर १६ शून्यं. ग्रॅमभर साध्या सिलिकॉनमध्येही बोलके अणू याच्या १५ हजार पट असतात. दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला कुजबूज ऐकायचा प्रयत्न करा, तसं.

यावरची युक्ती मला सगळ्यात जास्त आवडली. १९६८ मध्ये फ्रान्सचे जॉर्ज लाम्पेल यांनी सिलिकॉनवर ती करून दाखवली. अर्धवाहकावर गोल गोल फिरणाऱ्या ध्रुवणाचा प्रकाश टाकायचा. तो प्रकाश जे इलेक्ट्रॉन उठवतो, त्यांचा स्पिन एका बाजूला झुकलेला निघतो. मग तो झुकलेला इलेक्ट्रॉन केंद्रकाशी अदलाबदल करतो: मी सरळ होतो, तू झुक. असे असंख्य व्यवहार झाले की केंद्रकंही एका बाजूला झुकतात आणि १० लाखातल्या ८ चे हजारो होतात. इलेक्ट्रॉन आधी केंद्रकाला शिकवतो, मग केंद्रक आपल्याला इलेक्ट्रॉनबद्दल सांगतं. गॅलियम आर्सेनाइडसाठी हा लेझर जवळच्या अवरक्त पट्ट्यातला लागतो, डोळ्यांना जवळपास न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटच्या प्रकाशाचा शेजारी.

१९९४-९५ मध्ये बेल लॅब्जच्या बॅरेट, टायको आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती क्वांटम वेलवर वापरली. अशा अनेक विहिरी एकावर एक रचल्या, नमुना निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केला आणि गॅलियमची रेघ ऐकली. नाइट शिफ्टवरून विहिरीतले किती इलेक्ट्रॉन झुकलेत हे थेट मिळालं. चुंबकक्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांची संख्या यांचं गणित अगदी नेमकं जुळतं त्या बिंदूवर सगळेच एका दिशेला. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण एखादा इलेक्ट्रॉन वाढवला किंवा काढला तर झुकाव अपेक्षेपेक्षा फार जोरात कोसळत होता. जणू एकाच्या येण्याने तीनाहून जास्त जण उलटे फिरत होते. म्हणजे इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नव्हते. एक आला की आजूबाजूचे सगळे थोडेथोडे वळून त्याला जागा करत होते, एक भोवरा तयार होत होता. त्या आकृतीला स्कर्मिऑन म्हणतात. तोपर्यंत तो कागदावरचा अंदाज होता, पुरावा केंद्रकांनी दिला. खच्चून भरलेल्या डब्यात ठाण्याला एक माणूस चढला की दारापासून आतपर्यंत सगळ्यांना अर्धं अर्धं वळावं लागतं, तेच.

आणखी एक उलटी युक्ती आहे, थोडक्यात सांगते. केंद्रकांचा आवाज ऐकूच नका. रेडिओलहर बदलत राहा आणि नमुन्याचा विद्युतरोध बघा. लहर बरोबर केंद्रकांच्या स्टेशनवर आली की केंद्रकं ढवळतात, त्याने इलेक्ट्रॉनांना जाणवणारं क्षेत्र बदलतं आणि रोधात छोटा खड्डा दिसतो. १९८८ मध्ये डोबर्स आणि सहकाऱ्यांनी हे केलं. त्या गटात क्वांटम हॉल इफेक्टसाठी नोबेल मिळवलेले क्लाउस फॉन क्लिट्झिंगही होते. यामुळे अगदी एका थरावरही प्रयोग शक्य झाला.

माझ्या फोनचा याच्याशी काय संबंध?

खरं सांगू? थेट संबंध कमी आहे. कारखान्यात तुमची चिप एनएमआरमध्ये तपासत नाहीत, त्यासाठी जास्त वेगवान साधनं आहेत. 'या तंत्राने बनलेला फोन' असं कोणी विकायला आलं तर हसा आणि पुढे जा. पण फोनच्या रेडिओ भागात गॅलियम आर्सेनाइड असतं, नव्या लहान फास्ट चार्जरमध्ये गॅलियम नायट्राइड असतं, आणि या पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात हे ज्या अनेक मार्गांनी कळलं त्यातला एनएमआर हा एक.

थेट संबंध येतोय तो क्वांटम कॉम्प्युटरमध्ये. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी कल्पना मांडली: सिलिकॉनमधल्या फॉस्फरसचं केंद्रक हीच मेमरी, आणि त्याचा इलेक्ट्रॉन हा तिला वाचायचा दोरा. म्हणजे वर आपण जे सगळं 'मोजायला' वापरलं, तेच त्यांनी 'लिहायला' वापरायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०१३ मध्ये एका, फक्त एका, फॉस्फरस केंद्रकाची स्थिती लिहून वाचून दाखवली. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा केंद्रकात क्वांटम माहिती ३० सेकंदांहून जास्त टिकवली. त्यासाठी सिलिकॉन-२९ शक्य तितका काढून टाकलेलं सिलिकॉन वापरलं. बघा कसं उलटतं: ज्या बोलक्या केंद्रकाशिवाय आपल्याला काहीच कळलं नसतं, ते इथे नकोसं झालं, कारण त्याची बडबड मेमरी बिघडवते.

आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांचा गट एनएमआरवरच क्वांटम माहितीचे प्रयोग करतो, तिथे केंद्रकं बहुतेक रेणूंमधली असतात. आयआयटी मुंबईत, म्हणजे ठाण्याहून कांजूरमार्गला उतरून रिक्षाने जायच्या अंतरावर, 'सैफ' नावाची उपकरणांची सुविधा आहे, तिथे बाहेरच्या कॉलेजांचे आणि कंपन्यांचे नमुनेही फी भरून तपासता येतात. अडचण पैशांइतकीच हेलियमची आहे. ही चुंबकं द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर, बुडवलेली असतात. भारत हेलियम आयात करतो. ते महागलं की छोट्या लॅबना आधी झळ लागते.

आणि फोनच आत टाकला तर?

सगळं सांगून झाल्यावर भावाचा हा प्रश्न आलाच. "ताई, एवढं आहे तर फोन बाहेर का ठेवायला लावतात? टाकू दे ना आत, बघू दे इलेक्ट्रॉन."

तीन कारणं सांगितली. एक, फोनमध्ये स्पीकरचे चुंबक आणि स्टीलचे भाग असतात. एवढ्या क्षेत्रात तो हातातून सुटून मशीनकडे ओढला जाऊ शकतो, आणि आत मावशी आहे. दोन, रेडिओलहर धातूत शिरत नाही. १०० मेगाहर्ट्झची लहर तांब्यात साडेसहा मायक्रॉनच्या आसपास गेली की विझू लागते आणि फोनच्या सर्किट बोर्डवर याहून जाड तांब्याचे थर पसरलेले असतात. म्हणजे चिप लोखंडी कपाटात बसल्यासारखी, बाहेरून हाक मारून उपयोग नाही.

तिसरं मला स्वतःला शोधावं लागलं. समजा धातू सगळा सोलून नुसता सिलिकॉनचा तुकडा ठेवला. ट्रान्झिस्टर वरच्या काहीशे नॅनोमीटरमध्ये असतात आणि खालचा सिलिकॉन त्याच्या शेकडो पट जाड असतो. ९९.३ वर जे काही ऐकू येईल ते जवळपास सगळं त्या खालच्या सिलिकॉनचंच असेल, ज्यात फोन चालू असतानाही काही घडत नाही.

तो म्हणाला, "मग खालचा भाग घासून काढायचा." मावशीचा रिपोर्ट आणायला गेलो तेव्हाही तो याच विचारात होता.